खानवेलच्या रस्त्यावरचं मौन

११ नोव्हेंबर

मुंबईहून परतलो. डॉक्टर जे बोलले ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलले. आजारापेक्षा मला त्याचाच राग जास्त आला. अरविंदची वाचा गेली ती आता परत येणार नाही म्हणे. बोटं अजून थोडी साथ देतील, पुढे तीही नाहीत. मोटर न्यूरॉनचा आजार असाच चालतो, एकेक खोली बंद करत जातो.

खोली! माणूस म्हणजे काय लॉज आहे?

मी तिथेच त्यांना विचारलं, "तुम्ही हे किती जणांना सांगितलंत, आणि त्यातले किती तुमचं ऐकून गप्प बसले?" अरविंदने माझ्या मनगटावर बोट ठेवलं. पुरे, असा त्याचा अर्थ. आयुष्यभर मला कुणी "पुरे" म्हटलेलं मी ऐकून घेतलेलं नाही, त्याचं तेवढं ऐकलं.

श्रुतीचा पुण्याहून फोन आला. तिने अक्षरांचा एक तक्ता पाठवलाय. एकेका अक्षरावर आपण बोट ठेवायचं, बाबांनी डोळे मिटून "हो" म्हणायचं. शिवाय म्हणाली, "आई, तू बाबांच्या रेडिओवरचं मोर्स शिकून घे ना. कळ दाबायला बाबांना अजून जमतंय. तुझ्याशी बोलता येईल त्यांना."

मी म्हटलं, बोलणं म्हणजे बोलणं. ज्या दिवशी मी ती टिकटिक शिकेन, त्या दिवशी मी त्याच्या आवाजाचं श्राद्ध घातल्यासारखं होईल. तक्ता कपाटामागे ठेवून दिला. मी हे मान्य केलेलं नाही. हे वाक्य इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी पाय डळमळले तर वाचता येईल.

१४ नोव्हेंबर

संध्याकाळी गाडी काढली. टोकरखाड्यातल्या आमच्या सोसायटीने गच्चीवर अँटेना लावू दिली नाही, म्हणून दूरच्या लोकांशी ठिपक्यारेघांत बोलायचा अरविंदचा सगळा हौशी (हॅम) रेडिओ पहिल्यापासून गाडीतच. मागच्या दाराला उंच काठीसारखी अँटेना, सीटखाली संच, आणि मांडीला पट्ट्याने बांधलेली दोन पात्यांची छोटी कळ. पूर्वी तो स्वतः गाडी चालवत डाव्या हाताने मोर्स पाठवायचा आणि मी शेजारी बसून त्याच्यावर ओरडायचे. आता गाडी मी चालवते.

त्याला पेन धरवत नाही. फोनच्या पडद्यावर बोट भलतीकडेच पडतं. पण त्या कळीला नुसता स्पर्श पुरतो. मानेला कानावरचे हेडफोन पेलत नाहीत, म्हणून आजपासून आवाज स्पीकरवर. त्याची टिकटिक मला प्रथमच सबंध ऐकावी लागली.

खाली उतरवायला नवनाथ आला. मागच्या खोल्यांत राहतो, साक्रीकडचा, यार्नच्या कंपनीत रात्रपाळीला. त्याने अरविंदला लहान मुलासारखा उचलला. "सर, सीटबेल्ट लावतो हां. नाहीतर चलान मॅडमच्या नावावर फाटंल, अन् मॅडम पोलिसालाच भाषण देतीन." अरविंद हसला. हसणं अजून शाबूत आहे.

राखोलीच्या पुलापर्यंत मी गप्प होते. मग राहवलं नाही. नवनाथची बायको मंजुळाबाई त्याच कंपनीत दिवसपाळीला आहे. त्यांची गुड्डी चार वर्षांची. आई कामावर, बाप रात्रभर जागून झोपलेला, म्हणून पोरगी दिवसभर बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीत. पाळणाघर मागायला बायका गेल्या तर सुपरवायझर म्हणाला, "बच्चा संभालना है तो घर बैठो." मी अरविंदला म्हणाले, "ते कुलूप दाराला नाही लावलेलं, आईच्या मानेला लावलंय!" बोलत गेले. खानवेलच्या झाडीत शिरलो तरी बोलत होते.

आणि तो? मी तोंड उघडलं आणि त्याची कळ सुरू झाली. परत येईपर्यंत टिकटिक, टिकटिक. मधे मी श्वास घ्यायला थांबले, तर तोही थांबला.

लिहायला लाज वाटते, पण दुखलं.

२४ नोव्हेंबर

आज कंपनीच्या फाटकासमोर बोलले. माइक नव्हता, नुसत्या गळ्यावर. बायका शंभरभर तरी असतील. मंजुळाबाई म्हणाली होती, "मॅडम, तुमी बोला, आमी मागं हुभ्या राहतो. फक्त नावं नका घेऊ कोनाची, हप्ता कापतीन." मी नावं घेतली नाहीत, पण उरलेलं काही सोडलं नाही. शेवटी व्यवस्थापकाने पुढच्या महिन्यात बैठकीला बोलावलं.

एकच उणीव होती. कॉलेजात वादसभेला मी बोलायचे तेव्हा माइक अरविंद लावायचा. रत्नागिरीच्या त्या सभागृहात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो की नाही ते बघायला तो स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायचा. आमची ओळखच तशी झाली. नंतरही माझ्या प्रत्येक सभेचा माइक त्याचाच. आज फाटकासमोर शेवटच्या ओळीत कुणीच नव्हतं.

संध्याकाळी गाडीत त्याला सगळं सविस्तर सांगितलं. कोण काय म्हणालं, मंजुळाबाई कशी माझा पदर धरून उभी होती, सगळं. तो खिडकीबाहेर बघत कळ दाबत राहिला. खड्डा आला की थांबतो, गचक्याने भलताच ठिपका पडतो म्हणून. मी खड्डे चुकवत गाडी चालवते. म्हणजे त्याने माझं न ऐकता दुसऱ्यांशी बोलावं, यासाठी रस्ता गुळगुळीत मीच करून देते!

३० नोव्हेंबर

आज मुद्दाम परीक्षा घेतली. राखोलीपासून मधेच बोलणं तोडलं, तर कळ थांबली. पुन्हा सुरू केलं, कळ सुरू. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

म्हणजे माझा आवाज बुडवायलाच तो कळ घेतो. माझा आवाज थांबला की त्याला कळीची गरज उरत नाही. इतकं स्वच्छ आहे.

ज्याच्यापुढे मी आयुष्यात सर्वांत जास्त बोलले, त्याला आता स्वतःच्या तोंडाने "पुरे" म्हणता येत नाही. म्हणून तो हे करतो.

९ डिसेंबर

डावा हात गेला. कळ उजव्या मांडीला बांधली. पट्टा आवळताना नवनाथने चलानचा विनोद केला नाही. त्याचंच जास्त भय वाटलं.

१५ डिसेंबर

श्रुतीशी भांडण. सहज म्हणून तिला परीक्षेचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, रागावू नकोस. पण तू किती बोलतेस गं! बाबांना आता थोडी शांतता नको का?"

मी फोन ठेवला. मग बराच वेळ स्वयंपाकघरात गॅसकडे बघत उभी राहिले. लोक माझ्यावर दगड फेकून गेलेत, खुर्च्या उधळून गेलेत. "पुढारीणबाई" म्हणून कुचेष्टा केलीय. त्यातलं काही लागलं नव्हतं. हे लागलं, कारण ते खरं आहे.

मी ठरवलं. उद्यापासून गाडीत बोलायचं नाही. उरलेली बोटं त्याची आहेत, उरलेल्या संध्याकाळी त्याच्या आहेत. मी शब्दांवर जगले, माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाही. मग शब्दच देते. न बोलणं देते.

हे व्रत नाही, मी व्रतं करत नाही. हा निर्णय आहे.

१६ डिसेंबर

टोकरखाडा ते खानवेल आणि परत. एक शब्द नाही, त्याला काय हवं ते विचारलं तेवढंच.

स्पीकरवर दूरचे कुणी आले. आधी बारीक, मग स्पष्ट. दोघंतिघं असावेत, आवाजाची पट्टी वेगवेगळी. अरविंदने थोडंसंच पाठवलं, चारपाच शब्द असतील, आणि थांबला. पुढे काहीच नाही. मला वाटलं, त्याला शांतता चाखायची असेल. चाखू दे.

परतताना पुलाजवळ त्याचं बोट माझ्या दंडाला लागलं. एक लांब, एक आखूड, एक लांब. वळून विचारलं, "थंडी वाजते?" डोळे उघडेच. म्हणजे नाही. "पाणी?" नाही. "घरी जायचं?" नाही. पुन्हा तेच बोट.

आचका असेल. डॉक्टर म्हणाले होते, स्नायू आपोआप उडतात.

२२ डिसेंबर

रोज जातो. रोज तेच. तो सुरुवातीला थोडं पाठवतो, मग बोट कळीवर नुसतं टेकलेलं. दूरचे लोक आळीपाळीने येऊन जातात. आणि रोज माझ्या दंडावर तो आचका. लांब, आखूड, लांब.

मी जीभ दाताखाली धरून बसते. आज गाडीतून उतरले तेव्हा तोंडात रक्ताची चव होती. पण न बोलता राहू शकते हे मला कळलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. श्रुतीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना बरं वाटत असेल बघ."

२७ डिसेंबर

बैठक झाली. झाली म्हणायचं. व्यवस्थापकाच्या जागी कुणीतरी भलताच आला, त्याने चहा दिला आणि पाळणाघराचा नियम वाचून दाखवला. नियमात बसायला जितक्या बायका लागतात तितक्या कंपनीच्या पटावर नाहीतच, बाकीच्या ठेकेदाराच्या. ज्या बायका माझ्या डोळ्यांसमोर बसल्या होत्या त्या कागदावर नव्हत्या! मी बोलायला उठले. तासभर बोलले. त्याने मान डोलावली, "मॅडम, आप बोलती बहुत अच्छा हैं," म्हणाला आणि दार उघडून धरलं.

बाहेर मंजुळाबाई म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. तुमी बोल्या ना आमच्यासाठी, लई झालं."

लई नाही झालं. काहीच नाही झालं.

संध्याकाळी गाडीत सगळं ओठांवर आलं होतं. याला सांगू नये तर कुणाला सांगावं? पण सांगितलं नाही. त्याने बोट लावलं. लांब, आखूड, लांब. मी त्याचा हात उचलून हळूच मांडीवर ठेवून दिला. तो माझ्याकडे बघत राहिला. सबंध रस्ता माझ्याकडेच बघत होता, झाडीकडे नाही. पूर्वी मी सतत बोलायचे तेव्हा त्याची नजर बाहेर असायची.

८ जानेवारी

बोट गेलं.

कळीवर टेकवलं तर घसरून पडतं. मी पुन्हा टेकवलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्याने डोळे उघडे ठेवले, नाही म्हणून. नवनाथने पट्टा सोडला आणि कळ सीटखालच्या कप्प्यात ठेवली. "असू द्या मॅडम, इथंच राहू द्या. सरांची हाये."

शेवटचे तीन आठवडे तरी त्याला माझ्याविना, शांततेत मिळाले. एवढं एक मी नीट केलं.

२० जानेवारी

गुड्डी कुलपाच्या खोलीत खिडकीवर चढली आणि पडली. हात मोडला. आता तिला साक्रीला नवनाथच्या आईकडे, आक्काबाईकडे पाठवलंय. बसमध्ये चढताना पोरगी रडली नाही. रडली मंजुळाबाई, तीही कामाची वेळ झाली म्हणून अर्ध्यातच तोंड पुसून निघाली.

मी फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालले. ज्या शब्दांवर माझा विश्वास होता त्यांनी एका पोरीचं कुलूपही उघडलं नाही. नवरा बोलत नाही, बायको बोलत नाही. घरात दोन माणसं आहेत आणि फक्त फ्रिजचा आवाज येतो.

पहिलं पान उघडून ते वाक्य वाचलं. मी हे मान्य केलेलं नाही. कुणीतरी दुसऱ्याच बाईने लिहिलंय.

२ फेब्रुवारी

दुपारी फोन आला. अनोळखी नंबर, खानदेशी बोलणं.

"शैलजाताई का? मी चाळीसगावहून वाल्मिक बोलतो. जळालेल्या मोटारी भरायचं, वायंडिंगचं दुकान हाये माझं. तुमी वळखत नाही मला. अरविंदरावांचा रेडिओवरचा दोस्त हाये."

मी सांगितलं, त्यांची बोटं गेली.

"आमाले तेच वाटलं होतं," म्हणाला. "आधी म्हटलं गाडीची बॅटरी गेली आसंल. नंबर शोधाले वेळ लागला. ताई, एक इचारू? राग नका मानू. त्या गुड्डीच्या पाळणाघराचं काय झालं?"

मला कळेना. मी विचारलं, "तुम्हाला गुड्डी कशी माहीत?"

"आता काय सांगू! तुमी तं सांगत होत्या रोज. म्हंजे तुमी गाडीत बोलायच्या, अन् अरविंदराव ते आमाले पाठवायचे. आमी तिघं जण. मी, एक दापोलीचे काका, अन् एक बऱ्हाणपूरचा पोस्टमास्तर. साडेपाच वाजले का सगळे कामं सोडून बसायचे. ते कुलूप आईच्या मानेला लावलंय म्हटलं ना तुमी, ते मी दुकानात खडूनं लिहून ठेवलंय. फाटकावरचं भाषण तं आख्खं आलं. मधी खड्डा आला का तुटायचं, मंग दापोलीचे काका शिव्या द्यायचे रस्त्याले."



"मंग डिसेंबरात काय झालं का," तो म्हणाला, "रोज येवढंच यायचं. 'शैलजा आज गप्प. थांबा.' दुसऱ्या दिवशी, 'शैलजा आज गप्प. थांबा.' आमी थांबायचो. बैठकीचं काय झालं, कोनाले कळेना. तुमची तब्येत बिघडली का काय, आमाले काळजी."

मी त्याला एकच विचारलं. एक लांब, एक आखूड, एक लांब, म्हणजे काय?

"ते व्हय? ते तं आमचं रोजचं. आपलं बोलनं संपलं का शेवटी द्यायचं. म्हंजे, मी थांबलो, आता तुमी बोला."

मी त्याला गुड्डीचं सांगितलं. बैठक, चहा, खिडकी, मोडलेला हात, साक्रीची बस. शेवटी तो इतकंच म्हणाला, "आज साडेपाचला सांगतो दोघांले. ताई, चांगलं झालं नाही."

नाही. चांगलं झालं नाही.

फोन ठेवून अरविंदच्या पलंगाशी गेले. विचारलं, "माझं बोलणं पाठवत होतास?" त्याने डोळे मिटले. हो. "मी गप्प बसले तेव्हा मला बोल म्हणत होतास?" डोळे मिटले. आणि मिटलेलेच राहिले, कडांतून पाणी येईपर्यंत.

तेवीस दिवस. त्या हातात तेवीस दिवस होते, आणि माझ्याकडे त्याला द्यायला बैठक होती, गुड्डी होती, संताप होता. मी त्याला शांतता दिली. तिचा अभिमान बाळगला. या वहीत, वरच्याच पानांवर, तो लिहिलेला आहे. फाडणार नाही.

३ फेब्रुवारी

नवनाथला म्हटलं, सरांना गाडीत बसव. तो म्हणाला, "मॅडम, मान टिकनार नाही." मग उशी लावली, पट्टा लावला, त्याची मान माझ्या बाजूला झुकवली. कळ काढून मांडीला बांधली. मी अरविंदचं बोट तिच्यावर ठेवलं.

राखोलीच्या पुलावर रेडिओ लावला. साडेपाचला ते आले. आधी एक, मग दुसरा, मग तिसरा. काय म्हणाले मला कळलं नाही, मला ती भाषा येत नाही. नको म्हणून मी शिकले नव्हते. पण प्रत्येकाच्या शेवटी तोच ठोका होता, आणि तो आता मला ओळखू येतो. लांब, आखूड, लांब. मग नुसती घरघर. ते थांबले होते.

मी बोलायला लागले. बैठकीपासून सुरुवात केली. तो भलताच माणूस, तो चहा, कागदावर नसलेल्या बायका. मंजुळाबाई "लई झालं" म्हणाली ते. खिडकी. बस. कॉलेजात बोलायचे तशी बोलले, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी. खड्डे चुकवत, सावकाश गाडी चालवत बोलले. खानवेल मागे पडलं, दुधनीच्या उतारावरून धरणाचं पाणी दिसायला लागलं, तरी बोलत होते. अरविंदची मान माझ्याकडे होती, पण नजर खिडकीबाहेर, पूर्वीसारखी.

मधेमधे तिघांपैकी कुणीतरी येऊन तोच ठोका देऊन थांबायचं.

बोट कळीवर होतं. हललं नाही. मी काठापाशी गाडी उभी केली आणि अंधार पडेपर्यंत बोलत राहिले. त्यातलं एक अक्षरही गाडीबाहेर गेलं नाही.